दुकानाचा वास आपण ठरवायचा: धंद्याच्या जागेत सुगंध कसा वापरायचा, पहिल्यापासून सविस्तर

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि लहानपणी आजोबांचं बोट धरून फिरताना मला ते रस्ते नावानं माहीत नव्हते, वासानं माहीत होते. एकीकडं गूळ, दुसरीकडं वाळली मिरची की नाक झणझणायचं, पुढं नव्या चपलांचं चामडं, मग कुठंतरी भजी तळायला टाकलेली. प्रत्येक दुकानाला आपापल्या मालाचा वास होता. आमचं दुकान साड्यांचं, आणि आमच्या दुकानाला वास होता डांबरगोळ्यांचा.

हे मला कळायला लई वर्षं गेली. वडलांच्या मागं मी गादीवर बसायला लागलो त्याच्या चौथ्या का पाचव्या वर्षी, औशाकडून एक कुटुंब बस्ता बांधायला आलं होतं, त्यातल्या आजींनी शालू उचलून नाकाजवळ नेला आणि सुनेला म्हणल्या, "जुना हाय का काय गं, पेटीतल्यासारखा वास यायलाय." शालू आठवड्यापूर्वीच बनारसवरून आलेला होता. मी बिल दाखवलं, तारीख दाखवली, पण आजींच्या मनात जे बसलं ते बसलं, बस्ता दुसरीकडं बांधला गेला. लाखाच्या वरचं काम एका वासानं गेलं आणि मला तो वास येतच नव्हता, कारण मी त्यातच वाढलो होतो.

तेव्हापासून ह्या विषयाच्या मागं आहे. वाचलं, पैसे घालवले, चुका केल्या, आता बऱ्यापैकी बसलंय. आपल्याकडं दुकानदार लाईटवर, काचेवर, बोर्डावर लाखभर रुपये घालतो पण नाकाचा विचार करत नाही, केलाच तर काऊंटरवर अगरबत्ती लावतो आणि झालं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, कापडवाल्यानं वाचावं, हॉटेलवाल्यानं वाचावं, क्लासवाल्यानं पण वाचावं.

आधी नाकाचं थोडं समजून घ्या

डोळ्यानं दिसलेलं आणि कानानं ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठिकाणी जातं आणि तिथून पुढं वाटलं जातं. वासाची वाट जवळची आहे. नाकाच्या वरच्या टोकाला वास पकडणाऱ्या पेशी असतात, माणसात त्यांचे साधारण ४०० प्रकार, तिथून संदेश निघतो तो जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. (हे वास पकडण्याचं गणित उलगडल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं.) म्हणून पहिल्या पावसाचा वास आला की आपल्याला आधी गाव आठवतं, शब्द नंतर सुचतात.

दुसरी गोष्ट धंदेवाल्यासाठी जास्त महत्त्वाची. नाक दमतं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणजे दिवसाचे अकरा तास दुकानात बसणारा मालक हा दुकानाच्या वासाचा सगळ्यात वाईट परीक्षक असतो, आणि हीच माणसं मग "वास येईना बुवा" म्हणून मशीन वाढवत जातात आणि गिऱ्हाईक दारातच गुदमरतं.

आणि खरंच फरक पडतो का, तर १९९६ साली अमेरिकेत एरिक स्पॅन्गेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानासारखी खोली उभी करून प्रयोग केला होता. सुगंध असलेलं दुकान आणि त्यातला माल लोकांना जास्त आवडला, आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे ज्यांच्या खोलीत सुगंध नव्हता त्यांना खरा गेला त्यापेक्षा जास्त वेळ गेल्यासारखा वाटला, सुगंधवाल्यांना तसं झालं नाही. बस्त्याचा धंदा करणाऱ्याला ह्याची किंमत विचारा, पंधरा माणसं चार तास बसलेली असतात, त्यातले दोन मामा पहिल्या तासातच "उरका आता" म्हणायला लागतात.

पायरी १: परक्या नाकानं दुकान हुंगा

गावाला दोन-तीन दिवस जाऊन आलात की घरी न जाता थेट दुकानात या. शटर वर करताना पहिल्या अर्ध्या मिनिटात जे जाणवेल ते वहीत लिहा, एक मिनिट झालं की नाक जुळवून घेतं आणि मग काही कळत नाही. दुसरं, बाहेरगावची बहीण, भाची, मेहुणी कुणीतरी बोलवा, बायकांना सहसा वास लवकर कळतो असा माझा अनुभव, आणि त्यांना स्पष्ट सांगा की तोंडदेखलं चांगलं म्हणू नका. दारात, गादीवर, ट्रायल रूममधे, गल्ल्यापाशी, गोडाऊनच्या जिन्यात, असं प्रत्येक ठिकाणी उभं करून एकच प्रश्न विचारायचा, हा वास कशाचा वाटतोय?

माझ्या मावसबहिणीनं परभणीहून येऊन पाच ठिकाणचं सांगितलं: दारात नाली, गादीवर डांबरगोळी, ट्रायल रूममधे घाम, गल्ल्यामागं कांदा, जिन्यात ओल. मला ह्यातलं एकही जाणवत नव्हतं.

पायरी २: आधी घाण वास काढा, ह्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या

नालीवर मोगऱ्याचा स्प्रे मारला की मोगरा येत नाही, नालीतला मोगरा येतो, आणि तो नुसत्या नालीपेक्षा वाईट असतो. सुगंधाची मशीन विकणारे ह्या पायरीवर बोलत नाहीत कारण ह्यात त्यांना विकायला काही नाही. मी महिनाभर फक्त एवढंच केलं, एक थेंब सुगंध लावला नाही, आणि तेवढ्यावरच फरक दिसला.

डांबरगोळी पहिली काढा. ती बहुतेक नॅफ्थलीनची असते, कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं नॅफ्थलीन 'कर्करोगकारक असू शकतं' अशा गटात टाकलेलं आहे, आणि काही तान्ह्या बाळांना रक्ताच्या एका जन्मजात कमतरतेमुळं त्याचा गंभीर त्रास होतो. बारशाची खरेदी करायला बाळाला घेऊन येणारी गिऱ्हाईकं आपलीच असतात, एवढं एक कारण मला पुरलं. बदल्यात वेखंडाचे तुकडे, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि लवंग मलमलच्या पुरचुंडीत बांधून फडताळात ठेवतो. पण खरं सांगायचं तर ह्यानं कसर लांब राहते, आत शिरलेली मरत नाही, त्यामुळं महिन्यातून एकदा रेशमी माल उलगडून, झटकून, हवेला लावून परत घडी मोडून ठेवावा लागतो. मेहनत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशीम कोंडू नका, सुती कापडात गुंडाळा, कुबट वास प्लॅस्टिकमधेच जास्त धरतो.

कूलर. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि एसी सगळ्यांना परवडत नाही, तर बहुतेक दुकानांत डेझर्ट कूलर असतो, आणि कुबट वासाचं माहेरघर म्हणजे त्याची टाकी आणि मागच्या वर्षीचं गवत. सीझनच्या आधी गवत नवं टाका, टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, त्यानं डेंग्यूचे डास पण होत नाहीत. आणि कृपा करून कूलरच्या पाण्यात अत्तर किंवा सेंट ओतू नका. मी ओतलंय. तेल गवताला धरलं, आठ दिवसांनी त्या चिकट गवतातून जो वास आला त्यानं सगळं गवत फेकून द्यावं लागलं.

दुपारचा डबा हा नाजूक विषय आहे. पोरं दुकानातच जेवतात, ठेचा-भाकरी, कांदा, कुणाचा सुक्या बोंबलाचा डबा, आणि जेवू नका म्हणणं माणुसकीला धरून नाही. मी वरच्या मजल्यावर खिडकीपाशी टेबल टाकलं, बाहेर हवा फेकणारा पंखा लावला, हात धुवायला साबण ठेवला, आणि मी स्वतः पण तिथंच जेवायला लागलो, म्हणजे कुणाला वाईट वाटलं नाही. ट्रायल रूमचा पडदा दर आठवड्याला धुवायचा, आत छोटा पंखा. पायपुसणं रोज उन्हात. दारातल्या नालीसाठी पालिकेच्या मागं लागावं लागतं, तोवर फरशीचा सांधा सिमेंटनं बुजवा आणि संडासाच्या मोरीला पाणी धरणारी जाळी बसवा, त्यात पाणी असेल तर गॅस वर येत नाही, बऱ्याच ठिकाणी ते पाणी आटलेलंच असतं.

पायरी ३: वास कुठला निवडायचा

इथं मोह होतो. विकणारा वीस बाटल्या मांडतो, प्रत्येकीवर सुंदर नाव, आणि आपण सगळ्यात भारी, सगळ्यात गुंतागुंतीची उचलतो. २०१३ साली स्वित्झर्लंडमधे सेंट गॅलन शहरातल्या घरसजावटीच्या एका दुकानात प्रयोग झाला, कधी साधा संत्र्याचा वास, कधी संत्रं, तुळशीच्या जातीचं बेसिल आणि ग्रीन टी मिसळलेला वास, कधी काहीच नाही. साध्या संत्र्याच्या दिवशी लोकांनी सरासरी साधारण २० टक्के जास्त खर्च केला, मिसळलेल्या वासाला तसा गुण आला नाही. कारण असं सांगतात की साधा वास मेंदूला चटकन ओळखता येतो, त्यावर विचार खर्च होत नाही. एक वास, ओळखीचा, साधा. संत्र्याच्या जागी आपल्याला जालन्याची मोसंबी आहे, साल सोलताना जो तुषार उडतो तो वास मराठवाड्यात कुणाला ओळखू येत नाही सांगा.

दुसरी कसोटी म्हणजे मालाशी आणि वेळेशी जुळणं. २००५ च्या एका अभ्यासात नाताळचा वास आणि नाताळचं संगीत एकत्र असलं तर लोकांना दुकान आवडलं, पण तोच वास साध्या संगीताबरोबर लावला तर उलट मत वाईट झालं. हे वाचून मी विचार केला की आपल्या दिवाळीचा वास कुठला? दालचिनीची मेणबत्ती नक्कीच नाही. उटणं! आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, पहाटेचं गरम पाणी. आता मी वसुबारसेच्या आधी दहा-बारा दिवस दारापाशी पितळी वाटीत खरं उटणं थोड्या कोमट पाण्यात कालवून ठेवतो, रोज ताजं. मशीन नाही, वीज नाही. आत येतानाच माणसं म्हणतात, "दिवाळी आल्यासारखं वाटलं ओ भाऊ."

निवडायची रीत अशी. तीनच वास घ्या, जास्त नको, नाकाचा गोंधळ होतो. जाड कागदाच्या पट्ट्यांवर एकेक थेंब, दोन मिनिटं वाळू द्यायचं म्हणजे वरचा उग्रपणा उडतो, मग १५-२० गिऱ्हाइकांना हुंगायला द्या. "आवडलं का" विचारू नका, आपल्याकडं माणसं भिडेपोटी हो म्हणतात. "हे कशाचं दुकान असंल?" असं विचारा. मधे नाक मोकळं करायला स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायला सांगा. एका वासाला माझ्याकडं दहातल्या सात जणांनी "पार्लर" म्हणून सांगितलं, तो बाद. चंदन-मोगऱ्याच्या हलक्या मेळाला "लग्न" असं उत्तर जास्त आलं, तो ठेवला.

बाकीच्या धंद्यांचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. बेकरी, मिठाई, मसाला, ह्यांनी बाहेरून वास विकत घेऊच नये, खरा वास आत कोंडलाय तो बाहेर काढा. भट्टीचा पंखा मागच्या बोळात उघडतो तो रस्त्याकडं वळवा, संध्याकाळी साडेपाचला एक घाणी ताजी निघेल असं बघा. मसालेवाल्यानं येसर भाजायचं काम आतल्या खोलीऐवजी दर्शनी करावं. कुंथलगिरीला खवा आटत असताना गाडी आपोआप थांबते, त्याला जाहिरात लागत नाही. पण डालड्याची मिठाई करून वरून तुपाचा इसेन्स फवारणं ही फसवणूक आहे, ते करू नका, एकदा कळलं की तालुकाभर होतं.

हॉटेलवाल्यानं मुख्य वास कुठला ते ठरवावं. स्टारबक्सनं २००८ साली गरम सँडविच बंद करायचं ठरवलं होतं कारण जळलेल्या चीजच्या वासाखाली कॉफीचा वास दबत होता, नंतर पदार्थ सुधारून परत आणलं. तुमचा चहा चालतो तर गवती चहा आणि आल्याचा वास दारापर्यंत येऊ द्या आणि तळणाचा धूर वर काढा. किराणावाल्यानं साबण-अगरबत्ती चहा पावडर आणि पिठापासून लांब ठेवावी, दोन्ही वास ओढून घेतात. दवाखाना आणि हॉस्पिटलमधे सुगंध नकोच, फक्त स्वच्छता आणि हवा. दातांच्या दवाखान्यात तर लवंगतेलातलं युजेनॉल नाकात गेलं की घाबरणाऱ्या पेशंटला खुर्ची आठवते, तिथं वेटिंग रूम वेगळी आणि हवेशीर असणं हाच उपाय. आणि लातूरच्या अभ्यासिका, पोरं दहा-बारा तास बसतात तिथं, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की "सुगंधानं स्मरणशक्ती वाढते" असं बोर्डावर लिहू नका, खिडक्या उघडा, बूट बाहेर ठेवायला रॅक करा, पोरांचं डोकं त्यानंच हलकं होतं.

एक मुद्दा आपल्या भागासाठी खास. संभाजीनगरच्या शहागंजकडं किंवा नांदेडच्या जुन्या बाजारात संध्याकाळी दुकानादुकानात लोबानचा धूर फिरवणारे बाबा मी लहानपणापासून बघतोय, आणि सकाळी त्याच दुकानात धूप. दोन्ही आपलेच आहेत. पण आपल्या गादीवर सगळ्या घरांतली माणसं बसतात, तर दिवसभराचा कायमचा वास असा निवडावा की कुणालाच हे दुकान दुसऱ्याचं आहे असं वाटू नये. मोगरा, वाळा, मोसंबी, ह्यांना जात-धर्म नाही.

पायरी ४: कशानं पसरवायचा

आधी जागेचं घनफळ काढा. माझं दुकान १५ बाय ४० फूट, छत १० फुटावर, म्हणजे ६००० घनफूट. मशीनवर बहुतेक घनमीटर लिहिलेलं असतं, एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, तर माझे झाले १७०. विकणारा चौरस फुटात बोलतो आणि छताची उंची विसरतो, म्हणून हे गणित स्वतः करून जा.

१० बाय १० च्या दुकानाला काड्यांचा डिफ्यूझर पुरतो, बाटलीत चार-पाच काड्या, तेल वर चढून उडत राहतं. धूळ फार असेल तर काड्या चोंदतात, महिन्याला बदला. पाण्यावर चालणाऱ्या वाफेच्या मशीन स्वस्त असतात पण त्या हवेत ओल सोडतात, कापड आणि कागदाच्या दुकानात पावसाळ्यात मुळीच नको. भिंतीवरचे आपोआप फुस्स करणारे स्प्रे सोपे, पण प्रत्येक फवाऱ्याला वास एकदम येतो आणि जातो, आणि त्या डब्यात पेट घेणारा गॅस असतो. आपल्या प्रत्येक दुकानात देवाच्या फोटोखाली दिवा असतो, हे डबे त्याच्या वर किंवा जवळ लावू नका, आणि ५० अंशाच्या वर तापू देऊ नका असं त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमधे किंवा गाडीत साठा ठेवायचा नाही.

मध्यम आणि मोठ्या दुकानाला मला थंड हवेवर चालणारी नेब्युलायझर मशीन पटली. त्यात पाणी नाही, उष्णता नाही, दाबलेल्या हवेनं तेलाचे एवढे बारीक कण होतात की डोळ्याला दिसत नाहीत. खर्चाचं गणित मांडून दाखवतो. माझी मशीन सलग चालली तर तासाला दीड मिली तेल खाते. मी १५ सेकंद चालू, १२० सेकंद बंद असं लावलंय, म्हणजे नववा हिस्सा वेळ चालते, तासाला ०.१७ मिली, अकरा तासाचे १.८ मिलीच्या आसपास, महिन्याला २६ दिवस धरले तर ४८ मिली. १०० मिलीची बाटली दोन महिने. तुमच्या मशीनवर तासाचा आकडा बघा आणि हेच गणित घाला, मग कुणी "महिन्याला अर्धा लिटर लागतं" म्हणलं तर तुम्हाला कळेल.

तेल घेताना दोन कागद मागा, इफ्रा म्हणजे सुगंध उद्योगाची जी जागतिक संघटना आहे तिच्या नियमांनुसारचं प्रमाणपत्र, आणि सुरक्षेचा तक्ता ज्यात तेल किती अंशाला पेट घेतं ते लिहिलेलं असतं. टाळाटाळ केली तर उठा. कनौजचं देग-भपक्यात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या भांड्यांत काढलेलं अस्सल अत्तर ही फार मोठी गोष्ट आहे, पण ते चंदन तेलावर धरलेलं घट्ट असतं, मशीनची नळी चोंदते, आणि तेवढं महाग हवेत उडवणं जिवावर येतं. वाळ्याचं तेल पण तसंच घट्ट. म्हणून वाळा मी मशीनमधे घालत नाही, कूलरमधे घालतो, त्याचं पुढं सांगतो.

अगरबत्ती आणि धूप सकाळी पूजेपुरता असू द्या. धूर तो धूरच, दिवसभर पोरांच्या छातीत जातो, आणि कापडात ठिणगी पडली तर काय होतं ते सांगायला नको.

पायरी ५: किती ठेवायचा

मशीन दारापासून आत आठ-दहा फुटावर, डोक्याच्या वर, पंख्याच्या थेट झोतात नाही. दारातच लावली तर वास रस्त्यावर जातो. सगळ्यात कमी आकड्यावर सुरू करा आणि तीन दिवस हात लावू नका. मग परत त्या मावसबहिणीला बोलवा. आत आल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांत छान वाटलं पाहिजे आणि गादीवर बसेपर्यंत विसरलं पाहिजे. "काय लावलंय ओ?" असं दिवसातून चार जणांनी विचारलं तर कमी करा, ते कौतुक नसतं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. एका विक्रेत्यानं समुद्राच्या वासाचं म्हणून तेल दिलं, मी ऐन वैशाखात, मोठी तीथ, दुकान भरलेलं, मशीन पूर्ण उघडली. अर्ध्या तासात नवरीच्या मामींना अर्धशिशी चढली, त्यांना बाहेर ओट्यावर बसवून पाणी पाजलं, आणि त्या माऊलीचा त्रास बघून मला फार अपराधी वाटलं. तेव्हापासून नियम: गर्दी असेल तर मशीन बंद. गर्दीत माणसांचाच उकाडा असतो, गजरे असतात, अत्तरं असतात, त्यात आपण भर घालायची नाही.

दमेकरी, गरोदर बायका, तान्ही बाळं, अर्धशिशीवाले, ह्यांच्यासाठी दुकानाचा एक कोपरा बिनवासाचा ठेवा, माझा वरच्या मजल्याचा आहे, आणि कुणी नुसतं नाक मुरडलं तरी पोरांनी स्वतःहून विचारायचं, "ताई, वर बसता का, तिथं हवा मोकळी आहे." कामाच्या पोरांना पण विचारा, ती अकरा तास त्यात असतात. कुणाचं डोकं रोज दुखायला लागलं तर तेल बदला. आणि ओझोन सोडणाऱ्या हवा शुद्ध करायच्या मशीन मिळतात, त्यांच्याबरोबर लिंबू-मोसंबीच्या वासाची तेलं लावू नका, त्या दोघांच्या मेळातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं.

पायरी ६: आपल्या ऋतूंप्रमाणं बदल

उन्हाळ्यात कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि दारातून बाहेर काढतो, म्हणजे मशीनचा वास पाच मिनिटं टिकत नाही, तेल वाया. त्या तीन महिन्यांत मशीन बंद आणि कूलरच्या जाळीत वाळा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारायचे तेच हे. नेहमीच्या गवताच्या पुढं वाळ्याच्या मुळ्यांचा पातळ थर बसवायचा, नव्या मुळ्या आधी दोनदा धुवायच्या म्हणजे माती जाते, आणि सीझन संपला की सावलीत वाळवून ठेवायच्या. पहिल्या वर्षीइतका वास पुढच्या वर्षी राहत नाही, थोड्या नव्या मिसळा. बाहेरून ४२ अंशातून आलेल्या माणसाच्या तोंडावर वाळ्याचा गार वारा आला की तो काय बोलतो ते तुम्हीच ऐका. त्याच दिवसांत मोगरा स्वस्त असतो, पितळी घंगाळात पाणी घालून दुपारी चारनंतर कळ्या सोडा, मोगरा संध्याकाळी उमलतो, आणि आपलं गिऱ्हाईक पण ऊन उतरल्यावरच येतं.

पावसाळ्यात सुगंध कमी आणि कोरडेपणा जास्त, गवती चहाचा हलका वास चालतो. थंडीत दारं लोटलेली असतात, हवा हलत नाही, म्हणून मशीनचा आकडा अर्ध्यावर आणा.

पायरी ७: उपयोग होतोय का ते मोजा

वही घाला. चार रकाने: दिवसात किती पार्ट्या आल्या, किती बिलं झाली, एकूण गल्ला, आणि बस्त्याची पार्टी किती वेळ बसली. एक आठवडा सुगंध चालू, एक आठवडा बंद, असं किमान आठ आठवडे. सोमवार सोमवारशी ताडायचा, आठवडी बाजाराचा दिवस बाजाराच्या दिवसाशी. पितृपक्षाची तुलना नवरात्राशी करू नका, अधिक मासात लग्नं नसतात, सोयाबीन विकून हातात पैसे आले की गल्ला आपोआप वाढतो, ते सुगंधाचं श्रेय नाही. मोजणाऱ्या पोराला सांगायचं नाही की आपण काय बघतोय, नाहीतर तो आपल्या मनासारखं लिहितो.

माझ्या वहीत सुट्या गिऱ्हाइकाच्या बिलात मोठा फरक दिसला नाही. बस्त्यात दिसला. माणसं जास्त वेळ बसली आणि "बघून येतो" म्हणून उठून जाणाऱ्या पार्ट्या कमी झाल्या. तुमच्या धंद्यात दुसरं निघेल, म्हणून तर मोजायचं. फरक नाहीच निघाला तर मशीन बंद करून दुसऱ्या पायरीवरची साफसफाई चालू ठेवा.

मशीनची निगा म्हणजे महिन्यातून एकदा नोझल आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करायची, पूर्ण वाळल्यावरच तेल भरायचं, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून अंधाऱ्या गार कपाटात ठेवायची. मोसंबी-लिंबाच्या जातीची तेलं लवकर खराब होतात, वास आंबूस झाला की टाकून द्या.

आणि तो वास घरी कसा पाठवायचा

साडीवर काहीही फवारायचं नाही, रेशमावर तेलाचा डाग पडला की निघत नाही. मी बचत गटातल्या बायकांकडून मलमलच्या चार बोटांच्या पोटल्या शिवून घेतो, आत मूठभर वाळ्याचे बारीक तुकडे, थोडा नागरमोथा, दोन लवंगा. वाळा आणि नागरमोथा आधी दोन उन्हं द्यायचा, ओल राहिली तर बुरशी धरते. बस्ता बांधून झाला की शालूच्या बॉक्समधे एक पोटली ठेवायची, जरीला लागू नये म्हणून मधे सुती कापडाची एक घडी. नवरीच्या आईला हातात देऊन सांगतो की मावशी, कपाटात डांबरगोळी टाकू नका, ही ठेवा, सहा महिन्यांनी वास उतरला की येता-जाता दुकानात या, नवी भरून देतो, पैसे नाहीत.